सीआरपी उतरला म्हणजे हात हलणार का? स्ट्रोकनंतरचे रक्तातले दाहाचे आकडे

शिवडीकर

स्ट्रोकच्या पेशंटचे नातेवाईक लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट घेऊन उभे राहतात आणि हमखास विचारतात, "सीआरपी चाळीसचा बावीस झालाय, म्हणजे आता हात हलेल ना?" हा धागा त्या प्रश्नासाठी. सीआरपी म्हणजे शरीरात दाह असला की यकृत बनवतं ते प्रथिन.

माझं मत आधीच मांडतो. सीआरपी, ईएसआर (लाल पेशी नळीत खाली बसण्याचा वेग), न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर (एनएलआर), इंटरल्युकिन-६ (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) हे सगळे आकडे स्ट्रोकनंतर वाढतात. ज्यांचे जास्त वाढतात त्यांची तीन महिन्यांनंतरची अवस्था सरासरीने वाईट असते, हेही खरं. पण समोरच्या एका माणसाचं बोट हलेल की नाही, ते यातून सांगता येत नाही. हे आकडे कामाला येतात ते दडलेलं इन्फेक्शन वेळेत पकडायला.

रिपोर्ट वाचताना पहिल्यांदा एकक बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ४.८ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ४८ मिग्रॅ प्रति लिटर. डिस्चार्जनंतर लॅब बदलते, "अठ्ठेचाळीसवरून पाचच्या खाली आला" म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि आकडा जागचा हललेलाही नसतो.

मग रक्त काढल्याची वेळ. इंटरल्युकिन-६ चा इशारा मिळाला की यकृत सीआरपी बनवायला घेतं. रक्तात वाढ दिसायला सहा ते आठ तास जातात, कळस साधारण ४८ तासांनी येतो. बनणं थांबलं की दर १९ तासांनी पातळी निम्मी होते. म्हणजे आज सकाळी ९६ असेल आणि कारण संपलं असेल तर परवा सकाळी १७च्या आगेमागे दिसायला हवा. परवा ९० दिसला तर कारण अजून जिवंत आहे, ते शोधायला लागा.

ईएसआर या कामाला जवळजवळ निरुपयोगी. तो हळू चढतो, हळू उतरतो, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचा एरवीही जास्तच येतो. नळी जराशी तिरकी उभी राहिली किंवा लॅबमध्ये एसी बंद असला तरी वाढतो. घरून घेतलेला नमुना दुपारपर्यंत बाइकवरच फिरत असेल तर त्या आकड्यावर कुठलाच निर्णय घेऊ नये.

दादरपूर्व

वाचनखूण साठवली. एक शंका: तोंड वाकडं झाल्यावर तासाभरात हॉस्पिटल गाठलं, लगेच रक्त काढलं आणि त्यातच सीआरपी ६० आला, तर?

कौमुदी

दादरपूर्व, फार मोलाचा प्रश्न. शिवडीकरांनी वर दिलेलं वेळेचं गणित लावलं तर उत्तर त्यातच आहे. तासाभरात सीआरपी ६० होऊच शकत नाही. तो स्ट्रोकच्या आधीपासून वाढलेला होता. मग विचारायचं की आधी काय चालू होतं.

सगळ्यात साधं उत्तर म्हणजे छातीचं किंवा लघवीचं इन्फेक्शन. अंगात इन्फेक्शन असताना आणि त्यानंतरचे काही दिवस स्ट्रोकचा धोका वाढलेलाच असतो. पण तीन कारणं अशी आहेत की ती सुटली तर पेशंट हातचा जातो.

एक, हृदयाच्या झडपेवरचं इन्फेक्शन, म्हणजे एंडोकार्डायटिस. आपल्याकडे लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले तरुण पेशंट अजून येतात. कित्येक दिवसांचा बारीक ताप, वजन घटलेलं, हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आणि अचानक अर्धांगवायू. इथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसतं, मेंदूत रक्तस्रावाचा धोका फार. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांहून ब्लड कल्चरचे तीन संच घ्यायचे आणि इको करायचा. घाईत आधी अँटिबायोटिक दिलं की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि पुढचे सहा आठवडे अंदाजाने उपचार करावे लागतात.

दोन, क्षयाचा मेंदूज्वर. मुंबईत हा विचार डोक्यात ठेवावाच लागतो. दोन-तीन आठवडे डोकेदुखी, संध्याकाळचा ताप, वागण्यात बदल आणि मग एका बाजूची ताकद गेली. मेंदूच्या तळाशी साचलेल्या स्रावात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यातून स्ट्रोक होतो. पाठीतलं पाणी तपासल्याशिवाय निदान होत नाही.

तीन, पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांचा दाह. कानशिलाजवळ दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं. इथे मात्र ईएसआर कामाचा आहे, शिवडीकर. आणि स्ट्रोकमध्ये एरवी न देण्याचं स्टेरॉइड इथे ताबडतोब द्यायचं असतं, नाहीतर दृष्टी जाते.

हे सगळं करताना एक पथ्य. साडेचार तासांच्या आत आलेल्या पेशंटचं इंजेक्शन सीआरपीच्या रिपोर्टसाठी थांबवायचं नाही. त्याआधी बोटाला टोचून साखर बघणं एवढीच रक्ततपासणी सगळ्यांना सक्तीची आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तरच बाकीच्या तपासण्यांसाठी थांबायचं. एंडोकार्डायटिसची शंका इतिहासावरून आणि स्टेथोस्कोपवरून घ्यायची असते.

अनुजा_प

कौमुदीताई, कल्चर आधी आणि अँटिबायोटिक नंतर, हे ठळक अक्षरात लिहायला हवं होतं.

मिलिंद७१

धागाकर्त्याशी अर्धवट सहमत. एनएलआरला तुम्ही फारच लवकर निकालात काढलंत.

सीबीसी तर प्रत्येक पेशंटची होतेच. त्यातला न्यूट्रोफिलचा आकडा लिम्फोसाइटच्या आकड्याने भागला की झालं, पैसाही जास्त लागत नाही. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण १ ते ३ असतं. स्ट्रोकनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. दाखल होताना हे गुणोत्तर जास्त असलेल्यांत मृत्यू, परावलंबित्व आणि मेंदूतला दुय्यम रक्तस्राव जास्त दिसतो, असं किती देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय. सगळ्या देशांत एकाच दिशेला बोट दाखवणारा आकडा टाकून का द्यायचा?

शिवडीकर

मिलिंदराव, भागाकार सोपा आहे, भाजकच डळमळीत आहे. लहान लॅबमध्ये अजूनही स्लाइडवर शंभर पेशी मोजून टक्के लिहितात. लिम्फोसाइट खरे १० टक्के असले तरी शंभर पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने ४ ते १८ टक्क्यांपर्यंत काहीही येऊ शकतं. आता बघा, न्यूट्रोफिल ८८ आणि लिम्फोसाइट ८ आले तर गुणोत्तर ११. त्याच नळीतल्या रक्ताची दुसरी स्लाइड मोजली, ८४ आणि १२ आले, तर ७. पेशंट तोच, वेळ तीच.

मशीन हजारो पेशी मोजतं, त्यामुळे तिथला आकडा बराच स्थिर असतो. म्हणून रिपोर्टवर टक्के न बघता घनमिलिमीटरमागची निव्वळ संख्या बघा आणि ती मशीनची आहे का ते विचारा. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त सहा-आठ तासांत मशीनवर लागायला हवं.

आणखी एक खोट. पेशंटला डेक्सामेथासोनचा एक डोस पडला तरी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल स्टेरॉइडमुळे प्रवाहात येतात, इन्फेक्शन काहीच नसतं. वॉर्डातून आलेल्या फॉर्मवर स्टेरॉइडचा उल्लेख नसला की लॅबवाला अंधारात.

कौमुदी

मिलिंद, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, अपुरा आहे. मेंदूचा मोठा भाग मेला की दाह मोठा, शरीरावरचा ताण मोठा, कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन जास्त, म्हणून लिम्फोसाइट कमी. आणि मोठा भाग मेला म्हणूनच पेशंट परावलंबी राहतो. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्या.

म्हणून विचारायचं ते असं: पेशंटचं वय आणि स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएच स्ट्रोक स्केलचा गुण (० ते ४२) हातात असताना रक्ताच्या आकड्याने अंदाजात काही भर पडते का? एडिंबराच्या गटाने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. इंटरल्युकिन-६ वाढलेल्यांचे परिणाम वाईट होते, संबंध पक्का होता. पण वय आणि तीव्रता आधीच धरलेल्या अंदाजात त्याने उपयोगी म्हणावी अशी भर पडली नाही. इंटरल्युकिन-६ हा सीआरपीच्या वरचा दुवा, शिवाय महागडी तपासणी. त्याची ही गत, तर गुणोत्तराकडून किती अपेक्षा ठेवायची? प्रत्येक अभ्यासाचा कटऑफही वेगळा, कुठे ३, कुठे ५, कुठे ७.

गटाचा अभ्यास करायला एनएलआर जरूर वापरा. खाटेशेजारी उभं राहून घरच्यांना काही सांगायला वापरू नका.

मनगट

फिजिओच्या बाजूने लिहितो. हात हलेल का, या प्रश्नाचं उत्तर रक्तात शोधतोय, ते हातातच असतं.

स्ट्रोकनंतर ७२ तासांच्या आत दोन हालचाली बघायच्या. खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का, आणि वळलेली बोटं सरळ करता येतात का. डच संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासात ज्यांना या दोन्ही थोड्या तरी जमत होत्या, त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कसब परत आलं होतं. ज्यांना दोन्ही जमत नव्हत्या त्यांच्यात २५ टक्के. नवव्या दिवशीही काहीच नसेल तर १४ टक्के.

तपासायची पद्धत: पेशंट बसलेला, पाठीला आधार. हात मांडीवर, तळवा खाली. कोपर शरीरापासून दूर न्यायला सांगा आणि त्या वेळी धड दुसऱ्या बाजूला कलत नाही ना ते बघा, कारण धड कलवून हात उचलल्याचा भास होतो. मग मनगटाला खालून आधार देऊन बोटं सरळ करायला सांगा. मनगट खाली लोंबलं तर बोटं स्नायूंच्या ताणामुळे आपोआप उघडतात, ती हालचाल धरायची नाही. शब्द कळत नसतील तर चांगल्या हाताने करून दाखवा. प्रत्येक हालचालीला ० ते ५ गुण द्या, तारीख घालून लिहून ठेवा.

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. तरीही डिस्चार्ज पेपरवर सीआरपी चार वेळा लिहिलेला असतो आणि बोटांचा उल्लेख नसतो, याची मनापासून चीड येते.

अनुजा_प

मग वॉर्डात दर दोन दिवसांनी सीआरपी काढतात कशासाठी?

रात्रपाळी

अनुजा, इन्फेक्शनसाठी. स्ट्रोक युनिटच्या सिस्टरच्या नजरेतून लिहिते.

सीआरपी म्हणजे विजेचा मीटर. मीटर जोरात पळतोय एवढं कळतं, कुठल्या खोलीतला पंखा चालू राहिलाय ते खोल्या फिरूनच बघावं लागतं. चौथ्या दिवशी सीआरपी ३५ वरून ११० झाला की आम्ही पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत बघतो.

सगळ्यात आधी छाती. पहिल्या आठवड्यातला न्यूमोनिया हा स्ट्रोकच्या पेशंटचा मोठा शत्रू, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा गिळण्यात असतं. श्वासाचा वेग मिनिटाला किती, ऑक्सिजन किती, बोलताना आवाज ओला घरघरता येतोय का. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. काहीही म्हणजे पाण्याचा घोट नाही, गोळी नाही, तीर्थही नाही. पेशंट जागा, ताठ बसलेला, मग चमच्याने थोडं पाणी, प्रत्येक घोटानंतर आवाज ऐकायचा. ठसका, ओला आवाज किंवा ऑक्सिजन घसरला की थांबायचं आणि स्पीच थेरपिस्टला बोलवायचं. काही पेशंटना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच येत नाही, म्हणून ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालत नाही. ही चाचणी शिकलेल्या माणसानेच करायची.

राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असेल तर खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर, फीड देताना आणि नंतर किमान अर्धा तास. एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता उंचीवरून आपसूक उतरू द्यायचं. शेवटी ३० मिली पाणी. दर वेळी नाकपुडीपाशी केलेली खूण जागेवर आहे का ते बघायचं. नळी चार बोटं बाहेर सरकलेली असताना फीड दिलं की ते थेट छातीत. आणि नळीने जेवण चालू आहे म्हणून तोंड धुवायचं सोडू नका. दिवसातून दोनदा दात, हिरड्या, जीभ साफ करायची, कवळी काढून ठेवायची. न गिळलेल्या लाळेतले जंतूच छातीत उतरतात.

मग लघवी. कॅथेटर आजही हवाच आहे का, हे रोज विचारायचं. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. मात्र बरेच दिवस कॅथेटर असलेल्याच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप नाही, त्रास नाही, फक्त कल्चर पॉझिटिव्ह, तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही.

सलाइनची जागा. शिरेवर लाल, गरम, दोरीसारखी कडक रेघ दिसली की सुई लगेच काढायची. लुळ्या हाताला शक्यतो सुई लावूच नये, तिथे दुखलेलं पेशंटला कळत नाही.

पाठ, माकडहाड, टाचा. पोटऱ्या, एकीला सूज आहे का. पायातल्या गुठळीसाठी लोक मांडीपर्यंतचे घट्ट मोजे विकत आणतात. स्ट्रोकच्या पेशंटवर २००९ च्या मोठ्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही, उलट कातडीला जखमा जास्त झाल्या. हवेने फुगणारे पट्टे मात्र २०१३ च्या चाचणीत उपयोगी ठरले, गुठळ्या १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या.

ताप, साखर आणि गिळणं. ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटांच्या २०११ च्या चाचणीत काही युनिटांतल्या सिस्टर लोकांना या तीनच गोष्टींची शिस्त लावली, बाकीची युनिटं तुलनेला होती. ३७.५ अंश, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर ९९.५, झालं की पॅरासिटामॉल. साखर ठरावीक वेळी मोजून आवरायची. गिळण्याची चाचणी २४ तासांच्या आत. नव्वद दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण शिस्त लावलेल्या युनिटांत शंभरात जवळजवळ सोळाने कमी निघालं. त्यात कुठलंही नवीन औषध नव्हतं.

वाचनमात्र

रात्रपाळी, हा प्रतिसाद छापून प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावावा असा आहे.

केळफूल

दाह कमी करायला हळदीचं दूध द्यावं का? घरोघरी देतात, म्हणून विचारते.

रात्रपाळी

केळफूल, गिळण्याची चाचणी पास झालेली नसेल तर कुठलंच दूध तोंडाने नाही. पातळ पदार्थ सगळ्यात पटकन श्वासनलिकेत जातो. प्रेमाने भरवलेल्या चमच्यानेच न्यूमोनिया होतो, म्हणून कडक शब्दांत लिहितेय.

कौमुदी

आणि गिळता येत असेल तर स्वयंपाकातली हळद खुशाल द्या. पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, आणि स्ट्रोकनंतरची सुधारणा त्याने वाढते असं सिद्ध झालेलं नाही. शोषण वाढवलेल्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मिलिंद७१

रात्रपाळींचं पटलं. मग इन्फेक्शन एवढं घातक असेल तर मोठ्या स्ट्रोकमध्ये पहिल्या दिवसापासूनच अँटिबायोटिक का सुरू करत नाहीत?

कौमुदी

करून बघितलंय. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर पेशंटची चाचणी झाली, निम्म्यांना चार दिवस सेफ्ट्रायाक्सोन. इन्फेक्शन कमी झाली, तीही मुख्यतः लघवीची, पण तीन महिन्यांनंतरची अवस्था सुधारली नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गिळता न येणाऱ्या पेशंटवर केलेल्या चाचणीत तर न्यूमोनियाही कमी झाला नाही. म्हणून आकडा दिसला की अँटिबायोटिक, असं करायचं नाही. ताप, श्वास, थुंकी, एक्स-रे यांतलं काही जुळलं की करायचं.

इथे प्रोकॅल्सिटोनिनची थोडी मदत होते. सीआरपी मेंदूच्या इजेनेही वाढतो, कवटी उघडायचं ऑपरेशन झालं असेल तर आणखीच वाढतो. प्रोकॅल्सिटोनिन प्रामुख्याने बॅक्टेरियांच्या इन्फेक्शनमध्ये वाढतं. ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर बॅक्टेरियाची शक्यता कमी. शून्य मात्र होत नाही, छोट्या न्यूमोनियात ते वाढलेलं नसतंही.

उलटी बाजूही सांगते. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब हे औषध चालू असेल तर इंटरल्युकिन-६ चा मार्गच बंद असतो. तिथे न्यूमोनिया झाला तरी सीआरपी वाढत नाही. रिपोर्ट नॉर्मल, पेशंट मात्र धापा टाकतोय, असं होतं. यकृत निकामी झालेल्यांतही सीआरपी फसवतो.

हेमांगी

दाहच नुकसान करतो तर दाहच दाबायचं औषध का नाही?

कौमुदी

हेमांगी, यावर कित्येक वर्षं प्रयत्न चालू आहेत. एन्लिमोमॅब नावाचं प्रतिपिंड पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यापासून रोखायला दिलं गेलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात औषध घेतलेल्यांची अवस्था जास्त वाईट होती, त्यांना ताप आणि इन्फेक्शनही जास्त झाली. २०१८ मध्ये इंटरल्युकिन-१ रोखणाऱ्या औषधाने रक्तातला इंटरल्युकिन-६ छान खाली आणला, पण पेशंटच्या हालचालीत सुधारणा दिसली नाही. आकडा उतरला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला द्यावा? पांढऱ्या पेशी मेलेला भाग साफही करतात, दुरुस्तीची तयारीही करतात. सरसकट रोखलं की तेही थांबतं.

पुढचा स्ट्रोक टाळायला कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध द्यावं का, हा वेगळा विषय. २०२४ मध्ये दोन मोठे निकाल आले. एकात रोज ०.५ मिग्रॅ दीर्घकाळ दिलं, नव्या स्ट्रोकसारख्या घटना थोड्या कमी दिसल्या पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दुसरी चाचणी चीनमधली, हायसेन्सिटिव्हिटी सीआरपी (अगदी कमी पातळीही मोजणारी तपासणी) २ किंवा जास्त असलेल्यांवर, तीन महिन्यांची. त्यात फायदा नाही. त्यामुळे स्वतःहून सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन अंगात साचतं आणि जीवघेणं ठरू शकतं. जुलाब सुरू होणं ही त्याची पहिली सूचना.

दादरपूर्व

थोडं अवांतर, पण मुंबईत राहून हे लिहायलाच हवं. जून ते सप्टेंबरमध्ये घरी आलेल्या स्ट्रोकच्या पेशंटचा सीआरपी अचानक वाढला तर मलेरियाची स्लाइड आणि लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी विसरू नका. लुळ्या पायाची संवेदना कमी असते. टाचेची भेग, चपलेने कापलेलं, कळतच नाही. त्यात चाळीच्या तळमजल्यावर पाणी शिरलं की लेप्टोचे जंतू किंवा पायाचं सेल्युलायटिस (कातडीखालचं इन्फेक्शन). रोज संध्याकाळी दोन्ही पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत उजेडात बघायचं. पाण्यात पाय गेलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, महापालिकेच्या दवाखान्यांत लेप्टोसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

हेमांगी

सीआरपी वाढलेला असताना फिजिओ थांबवायची का? बरेच लोक आठवडाभर सुट्टी देतात.

मनगट

हेमांगी, नुसत्या आकड्यावर थांबवायची नाही. पेशंटला ताप चढलाय, धाप लागतेय, ऑक्सिजन घसरतोय, पोटरी सुजलीय, यातलं काही असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. तसं नसेल तर वेळ कमी करा, बसणं, कूस बदलणं, सांधे हलवणं चालू ठेवा. आठवडाभर आडवं ठेवलं की छाती आणखी भरते, खांदा आखडतो, आणि दंडाला धरून ओढायची सवय असलेल्या घरात तो निखळतोही. उठवताना कधीही लुळ्या हाताला धरायचं नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच पुन्हा पुन्हा उठवून उभं केलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचा परिणाम चांगला होता, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत ५० टक्क्यांचा. पहिला दिवस सबुरीचा.

आणि घरचे लोक फिजिओची जागा भरून काढतील ही आशाही तपासली गेलीय, तीही भारतात. २०१७ च्या निकालात १४ हॉस्पिटलांतले १२५० पेशंट होते. नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम दिला, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी ४७ टक्केच. घरच्यांनी व्यायाम करून घ्यावेत, पण शिकलेल्या माणसाची भेट चुकवू नये. हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्प्लिंट एका आवारात होतात. लोकलने नेत असाल तर दिव्यांगांच्या डब्यातून, गर्दीची वेळ टाळून.

वाचनमात्र

सगळं वाचलं. आता शिवडीकरांच्या पहिल्या ओळीकडे येतो. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मुलाला, "बाविसावर आला, हात हलेल ना?" याला नेमकं काय उत्तर द्यायचं?

शिवडीकर

मी असं सांगेन: "बावीस झाला हे चांगलं आहे, इन्फेक्शन आटोक्यात येतंय असं दिसतं. हाताचं उत्तर या कागदात नाही. फिजिओला विचारा की बोटं सरळ होतात का, तिसऱ्या दिवशी कशी होती आणि आज कशी आहेत. डॉक्टरांना विचारा की गिळण्याची चाचणी झाली का आणि कॅथेटर कधी निघणार."

कौमुदी

शिवडीकर, यात एक वाक्य जोडा: "बोटं आज हलत नसली तरी प्रयत्न सोडायचे नाहीत." मनगट यांनी दिलेल्या २५ टक्क्यांत माणसं आहेत. आणि हात नाही आला तरी चालणं, बोलणं, स्वतःचं स्वतः जेवणं यांची सुधारणा वेगवेगळ्या वेगाने होते. परावलंबित्व मोजणाऱ्या मॉडिफाइड रँकिन स्केलवर (० ते ६) ४ वरून ३ वर येणं म्हणजे दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालता येणं. घरच्यांसाठी ते फार मोठं असतं.

मिलिंद७१

एनएलआरबद्दल माझा आग्रह सैल झाला. गटासाठी ठीक, खाटेशेजारी नको, हे मान्य. मशीनची निव्वळ संख्या आणि स्टेरॉइडची नोंद असेल तर संशोधनासाठी मात्र नोंदवत राहा.

हेमांगी

शेवटचा प्रश्न. तीन महिन्यांनी फॉलोअपला हायसेन्सिटिव्हिटी सीआरपी सांगितलाय आणि त्याच आठवड्यात फ्लूची लस द्यायचीय. आधी काय?

शिवडीकर

आधी रक्त, मग लस. लस आधी झाली असेल तर दोन आठवडे थांबा, लशीनंतर काही दिवस सीआरपी थोडा वाढतो. सर्दी, दाढदुखी, हिरड्यांतून रक्त असं काही चालू असेल तरी थांबा. १० च्या वर आला तर तो हृदयाच्या किंवा स्ट्रोकच्या धोक्याचा आकडा म्हणून धरायचा नाही, कारण शोधायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत करायचा. शक्यतो त्याच लॅबमध्ये. फॉर्मवर "हायसेन्सिटिव्हिटी" शब्द लिहून घ्या, नाहीतर साधा सीआरपी होतो आणि रिपोर्टवर नुसतं "५ पेक्षा कमी" येतं.